राजाच्या मुद्रेविना नाणी

इसवी सन १७८७. अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर दोन खासगी नाणी जन्माला आली. न्यूयॉर्कमध्ये इफ्राइम ब्रॅशर नावाच्या सोनाराने सोन्याचे ‘डबलून’ घडवले आणि त्यावरच्या गरुडाच्या पंखावर आपल्या नावाची आद्याक्षरे ठोकली. त्याच वर्षी वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने तांब्याची पेनी काढली. (या खाणीचा फ्रान्सच्या राजधानीशी काही संबंध नाही, डोंगराचेच ते नाव.) पेनीवर ओकच्या पानांच्या हारात एका दाढीवाल्या द्रुइडाचा, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताचा चेहरा होता. दोन्ही नाण्यांवर राजा नव्हता.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रॅशरचे एक डबलून लिलावात ९३ लाख ६० हजार डॉलरना विकले गेले. द्रुइडाची झिजलेली पेनी मात्र आजही एखाद्या विद्यार्थ्याला चार महिने पैसे साठवून घेता येते.

या तफावतीचे सरळ कारण संख्येत आहे. ब्रॅशरची डबलून बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. द्रुइडाच्या पेनी लाखोंनी पाडल्या गेल्या. परंतु खासगी नाण्यांचे आणि पदकांचे मोल केवळ संख्येवर ठरत असते, तर संग्राहकांचे काम फार सोपे झाले असते. ब्रिटनमधल्या खासगी नाण्यांचा १७८७ ते १७९७ हा दहा वर्षांचा काळ यासाठी पाहण्यासारखा आहे. गरजेपोटी पाडलेले नाणे आणि संग्राहकाच्या कपाटासाठी पाडलेले नाणे यांची फारकत या दहा वर्षांत जवळजवळ महिन्या-महिन्याने टिपता येते. आणि या कथेचा एक धागा थेट मुंबई बंदरात येऊन पोहोचतो.

आधी गरज पाहू.

लंडनच्या टॉवरमधील शाही टंकसाळीने ब्रिटनसाठी तांब्याची नाणी पाडणे १७७५ नंतर थांबवले होते. टंकसाळीच्या लेखी खरा पैसा म्हणजे सोने आणि चांदी. तांबे ही गरिबाची गरज. चांदीही नावापुरतीच पाडली जात होती. नेमक्या याच काळात बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि वेल्समध्ये कारखाने आणि खाणी वाढत होत्या. शेतावरच्या गड्याला धान्य, घर, सरपण या रूपाने मोबदला देता येई. कारखान्यातल्या मजुराला दर आठवड्याला रोख मजुरी लागे. ती असे जेमतेम काही शिलिंग, आणि ते मोजून द्यायला कारखानदाराजवळ खुर्दा नसे.

मग काही ठिकाणी चार-पाच मजुरांना मिळून एक मोठे नाणे दिले जाई. त्याची मोड करायला सगळे दारूच्या गुत्त्यात जात. गुत्तेवाला मोड देई, पण आधी काही पिऊन घ्यावे लागे. मजुरीचा काही भाग असा घरी पोहोचण्यापूर्वीच संपे.

दुसरा मार्ग खोट्या नाण्यांचा होता. १७८७ मध्ये टंकसाळीने चलनातील तांब्याची नाणी तपासली, तेव्हा राजाच्या नाण्याशी बऱ्यापैकी साम्य असलेली नाणी शंभरात जेमतेम आठ निघाली. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने १७८९ मधील एका पत्रात लिहिले आहे, की प्रवासात टोलनाक्यांवर त्याला मोड म्हणून मिळणाऱ्या अर्ध्या पेन्यांपैकी सरासरी दोन-तृतीयांश खोट्या असतात. त्याच पत्रात त्याने याहून कटू गोष्ट नोंदवली: हलक्या दर्जाचे कारखानदार चोरट्या टंकसाळवाल्यांकडून ३६ शिलिंग दर्शनी किमतीची खोटी नाणी २० शिलिंगांना विकत घेतात आणि तीच मजुरांच्या हातावर ठेवतात. नफ्याचे हे १६ शिलिंग कोणाच्या घामातून येत होते, हे सांगायला नको.

द्रुइडाची पेनी ही या लुबाडणुकीच्या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. पॅरिस माइनचा सूत्रधार टॉमस विल्यम्स हा धूर्त व्यापारी होता. परोपकारासाठी त्याने पेनी काढली नव्हती. त्याच्याकडे तांब्याचा डोंगर होता आणि तांब्याला गिऱ्हाईक हवे होते. तरीही त्याच्या पेनीत सुमारे एक औंस चांगले तांबे असे, म्हणजे दर्शनी किमतीच्या मानाने सरकारी नाण्यापेक्षाही अधिक. मागच्या बाजूला कंपनीची आद्याक्षरे आणि धारकाला एक पेनी देण्याचे वचन होते. कडेवर हे वचन कोठे पाळले जाईल तेही कोरलेले असे: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी. नाण्याची कड हा सहसा कुणी न पाहणारा भाग. या टोकनांच्या बाबतीत सगळी विश्वासार्हता तिथेच साठवलेली आहे.

मराठी वाचकाला ‘खासगी टंकसाळ’ म्हटले की पेशवाई आठवेल. तिथे सरकार सोनारांना सनद देऊन टंकसाळ चालवू देई आणि त्याबद्दल आकार घेई. नाणे मात्र राज्याच्या चलनाचा भाग म्हणून निघे. ब्रिटनमधील टोकनाची जात वेगळी. ते राजाचे नाणे नव्हतेच. ते होते तांब्यावर लिहिलेले एका माणसाचे किंवा दुकानाचे देणे.

म्हणूनच कायद्याने त्याकडे काणाडोळा केला. राजाच्या नाण्याची नक्कल केलेली नसल्यामुळे ते खोटे नाणे ठरत नव्हते. ही सवलत किती विलक्षण होती हे समजण्यासाठी दोन घटना शेजारी ठेवाव्यात. १७८७ मध्येच लोखंडाचा बडा कारखानदार जॉन विल्किन्सन याने आपल्या टोकनांवर चक्क स्वतःचा चेहरा छापला, नाण्यावर जिथे राजा असतो अगदी तिथे, आणि भोवती आपले नाव व ‘लोखंडाचा कारखानदार’ ही उपाधी. समाजाने थोडी टवाळी केली, मजुरांनी नाणी वापरली. आणि मार्च १७८९ मध्ये लंडनमध्ये कॅथरिन मर्फी या स्त्रीला खोटी नाणी पाडल्याच्या आरोपावरून आधी गळफास देऊन मग जाळण्यात आले. सोन्या-चांदीच्या नाण्याची नक्कल हा राजद्रोह होता आणि राजद्रोही स्त्रीला तीच शिक्षा होती. इंग्लंडमध्ये अशी शिक्षा झालेली ती शेवटची स्त्री. पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला.

विल्किन्सनच्या आणि विल्यम्सच्या पाठोपाठ गावोगावचे दुकानदार, कापडवाले, गिरणीमालक टोकने काढू लागले. कॉव्हेंट्रीच्या टोकनावर घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा आली. कुठे कालवा, कुठे पूल, कुठे माग, कुठे जहाज. शतकानुशतके ब्रिटिश नाण्यावर राजा आणि ढाल यांपलीकडे फारसे काही नव्हते. आता एकाएकी साध्या माणसांचे कामधंदे तांब्यावर उमटले. आणि लोकांनी ही नाणी जमवायला सुरुवात केली.

१७९४ ते १७९७ या काळात हा छंद वेडाच्या टोकाला पोहोचला. टोकनांच्या याद्या आणि चित्रे छापलेली पुस्तके निघाली. बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पायने यादी केली, लीड्सच्या सॅम्युएल बर्चलने केली, आणि १७९८ मध्ये इप्सविचचा कापडव्यापारी जेम्स कॉन्डर याने केलेली यादी इतकी वापरली गेली की आज ही टोकने ‘कॉन्डर टोकन’ याच नावाने ओळखली जातात. गंमत अशी, की कॉन्डरने स्वतःच्या दुकानाचेही टोकन काढले होते. म्हणजे यादी करणारा यादीतही होता.

गिऱ्हाईक दिसले की माल तयार होतोच. बर्मिंगहॅमचा पीटर केम्पसन आणि लंडनच्या हॉबर्न भागातला पीटर स्किडमोर यांनी इमारतींच्या आणि चर्चच्या चित्रांच्या मालिकाच काढल्या. या टोकनांनी कुणाची मजुरी दिली नाही की कुणाची भाकर विकत घेतली नाही. ती कपाटातल्या मखमलीच्या खणासाठी जन्मली आणि तिथेच राहिली.

याहून चलाख युक्ती साच्यांची होती. नाण्याला दोन साचे लागतात, प्रत्येक बाजूला एक. एका टोकनाचा पुढचा साचा आणि भलत्याच टोकनाचा मागचा साचा जोडून नाणे ठोकले, की ‘नवा’ प्रकार तयार! इंग्रजीत अशा नाण्याला खेचर म्हणतात, कारण त्याचे आईबाप दोन जातींचे. वीस साचे असतील तर जोड्या शेकड्याने होतात. प्रत्येकीची थोडी नाणी ठोकायची, बाकीची ठोकायचीच नाहीत, आणि ‘दुर्मिळ’ म्हणून विकायची. दुर्मिळता ही कारखान्यात तयार करता येते, याचा हा बहुधा पहिला मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग असावा.

या खेळात सर्वांत विलक्षण माणूस टॉमस स्पेन्स. न्यूकॅसलहून लंडनला आलेला हा गरीब, हट्टी पुस्तकविक्रेता म्हणे, की जमीन ही सगळ्या गावाच्या सामाईक मालकीची असली पाहिजे. फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली असताना लंडनमध्ये असे बोलणे धोक्याचे होते. १७९४ मध्ये सरकारने त्याला राजद्रोहाच्या संशयावरून सात महिने खटला न चालवता डांबून ठेवले. सुटल्यावर त्याने काय करावे? आपल्या त्या सात महिन्यांच्या कैदेचे टोकन काढले, त्यावर आपला चेहरा.

त्याच्या दुसऱ्या एका टोकनाच्या एका बाजूला क्रांतीपूर्वीचा माणूस आहे: बेड्यांत जखडलेला, हाडांचा सापळा झालेला, हाड चघळणारा. दुसऱ्या साच्यावर क्रांतीनंतरचे चित्र: भरल्या ताटाशी बसलेला माणूस आणि झाडाभोवती नाचणारी माणसे. ज्याच्या पुस्तकांवर सरकारची नजर होती, त्याची मते अशी तांब्याच्या तुकड्यांवर बसून संग्राहकांच्या कपाटांत शिरली. स्पेन्सनेही साच्यांच्या वाटेल तशा जोड्या लावल्या, कारण त्यालाही पोट होते आणि संग्राहक पैसे देत होते. मग त्याचे टोकन ‘खोट्या दुर्मिळते’त मोडायचे की राजकीय इतिहासाच्या अस्सल साधनांत? उत्तर दोन्हींत असेच द्यावे लागते. गुलामगिरीविरुद्धच्या टोकनांचेही तेच. त्यांवर साखळदंडातला गुडघे टेकलेला माणूस ‘मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का’ असे विचारतो. वेजवूडच्या १७८७ च्या मातीच्या पदकावरून घेतलेले हे चित्र टोकनावर आले. ते चलनासाठी कमी आणि प्रचारासाठी अधिक होते.

त्यामुळे ‘वापरलेले ते खरे, जमवण्यासाठी केलेले ते खोटे’ ही सरळ विभागणी टिकत नाही. कशासाठी केले, कुणी केले आणि कुणाच्या हाती गेले, हे प्रत्येक तुकड्यागणिक पाहावे लागते.

हे पाहण्याचे काम त्या काळात ज्या व्यक्तीने सर्वांत नेटाने केले, ती होती सारा सोफिया बँक्स. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांची ही अविवाहित बहीण भावाच्याच घरी राहत असे. भाऊ जगभरातून वनस्पती जमवत होता. बहीण टोकने, नाणी, पदके, जाहिराती, प्रवेशपत्रिका आणि भेटकार्डे जमवत होती. विद्वानांच्या दृष्टीने हा बायकी छंद होता. पण साराबाईंची शिस्त त्या विद्वानांना लाजवणारी होती. कोणता तुकडा कुणाकडून कसा आला, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. १८१८ मध्ये त्या वारल्या तेव्हा नाणी, टोकने आणि पदके मिळून त्यांच्याजवळ ९ हजारांहून अधिक नग होते. भावजय डोरोथिया बँक्स यांनी ते ब्रिटिश म्युझियमला आणि शाही टंकसाळीला दिले.

आज एखादे अप्रतिम राखलेले टोकन बाजारात आले, की त्यावर बोली चढते ती त्याच्या झळाळीमुळे. झळाळी टिकली, कारण ते कधी वापरलेच गेले नाही. उलट अनेक हातांतून झिजून गुळगुळीत झालेल्या विल्किन्सनच्या टोकनाला बाजार कमी भाव देतो. बाजाराचे चूक म्हणता येणार नाही, त्याला डोळ्यांना दिसणारेच मोजता येते. पण मजुरीचा इतिहास त्या झिजेतच लिहिलेला असतो. साराबाईंसारखी नोंद सोबत असेल, तर वापरात न आलेला तुकडाही बोलू लागतो. नसेल, तर तो फक्त सुंदर असतो.

आता मॅथ्यू बोल्टनकडे वळले पाहिजे, कारण मुंबईचा रस्ता त्याच्या कारखान्यातून जातो. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे (लंडनमधील सोहो हे निराळे) बोल्टनने १७८८ मध्ये वाफेवर चालणारी टंकसाळ उभारली. वाफेचे इंजिन त्याचा भागीदार जेम्स वॉट याचे. हाताने फिरवायच्या स्क्रूच्या दाबयंत्रांऐवजी इंजिन नाणी ठोकू लागले. वर्तुळाकार कड्यात ठोकल्यामुळे प्रत्येक नाणे तंतोतंत गोल निघू लागले. खोटी नाणी पाडणाऱ्याला अशी नक्कल अवघड होती. दहा-बारा वर्षांची चार मुले ही यंत्रे चालवून तासाला तीस हजार नाणी पाडू शकतात, असे इरॅस्मस डार्विनने कौतुकाने लिहून ठेवले आहे. खोट्या मजुरीविरुद्ध पत्र लिहिणाऱ्या बोल्टनच्या यंत्रांवर दहा वर्षांची मुले होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.

१७९७ मध्ये सरकारने अखेर हार मानून याच खासगी टंकसाळीला राजाची तांब्याची नाणी पाडण्याचे कंत्राट दिले. एक औंसाची पेनी आणि दोन औंसांची दोन पेन्यांची नाणी निघाली. रुंद जाड कडेमुळे लोक त्यांना गाडीचे चाक म्हणू लागले. खिसे फाटतील इतकी ती जड होती, पण खरी होती. खासगी टोकनांची पहिली लाट इथे ओसरली. १८११ नंतर ती पुन्हा थोडी उसळली आणि १८१७ च्या कायद्याने बंद झाली.

मात्र ब्रिटनचे हे कंत्राट मिळण्यापूर्वीच बोल्टनने एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम केले होते. ते गिऱ्हाईक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. मुंबई इलाख्यासाठी सोहोमध्ये पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर १७९१ आणि १७९४ ही साले आहेत. एका बाजूला कंपनीच्या गाठोड्यांवरची खूण, तीत कंपनीची आद्याक्षरे. दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत एकच शब्द: ‘अदल’, म्हणजे न्याय. हातोड्याने ठोकलेल्या, वेड्यावाकड्या शिवराईची सवय असलेल्या बाजारात हे यंत्राने घडवलेले गोल नाणे किती परके दिसले असेल! आणि ते नेमके कुणाचे? एका व्यापारी कंपनीने काढलेले, एका खासगी कारखान्यात पाडलेले, तरीही राज्यकर्त्याचे नाणे. खासगी आणि सरकारी यांतली रेघ या एका पैशावर पार पुसली जाते. पुढे १८२० च्या दशकात मुंबईच्या फोर्टमध्ये टाउन हॉलशेजारी नवी टंकसाळ बांधली गेली, तेव्हा यंत्रे आली ती बोल्टन आणि वॉट यांच्याच कारखान्यातून.

पदकांची कथाही सोहोतच घडते आणि तिच्यात दर्जाचे राजकारण अधिक उघडे पडते. १७९८ च्या नाइलच्या लढाईनंतर ब्रिटिश सरकारने साध्या खलाशांना पदक दिले नाही. नेल्सनचा व्यावसायिक प्रतिनिधी अलेक्झांडर डेव्हिसन याने स्वतःच्या पैशाने बोल्टनकडून पदके करवून घेतली: हुद्द्यानुसार सोने, चांदी, सोनेरी मुलाम्याचे कांसे आणि साधे कांसे. १८०५ च्या ट्रफाल्गरनंतर बोल्टनने स्वतःच्या खर्चाने खलाशांसाठी जस्तासारख्या करड्या दिसणाऱ्या प्यूटरची पदके पाडली. काही खलाशांनी ती हलक्या धातूची म्हणून समुद्रात भिरकावली, असे सांगतात. पण ज्यांनी ठेवली, त्यांतल्या अनेकांनी त्यांवर आपले नाव आणि जहाजाचे नाव कोरून घेतले. आज अशा वेड्यावाकड्या अक्षरांच्या पदकाला कोऱ्या पदकाहून कितीतरी अधिक मोल आहे. सरकारी नौदल पदक साध्या खलाशांच्या हाती पडायला १८४० चे दशक संपत यावे लागले. तोवर बरेचसे खलाशी मरून गेले होते.

श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या वेढ्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने पदके करवली, तीही सोहोत. सोन्याची शंभरावर, सोनेरी मुलाम्याची दोनशेच्या आत, चांदीची साडेतीन हजारांच्या वर, कांस्याची पाच हजार आणि कथलाची सुमारे ४५ हजार. कथलाची ही पदके साध्या शिपायांसाठी. वेढ्यात मुंबईच्या फौजेच्या देशी पलटणी होत्या, आणि त्या काळी मुंबईच्या पलटणींत कोकणातल्या माणसांचा भरणा मोठा होता. पदके वाटायला १८०८ उजाडले. नाइलच्या पदकावर खलाशाने नाव कोरून घेतले. श्रीरंगपट्टणच्या कथलावर क्वचितच नाव सापडते. ४५ हजार पदके, आणि त्यांतले एखादे हाती आले तरी ते कोणत्या शिपायाच्या छातीवर होते हे बहुधा कळत नाही. धातू मऊ, झिजणारा. म्हणून सुस्थितीतले कथलाचे पदक, संख्या एवढी मोठी असूनही, सहज मिळत नाही.

संख्या किती फसवी असते याची याहून मोठी दोन उदाहरणे सोहोच्याच नावावर आहेत.

पहिले गंजाचे. सोहोची टंकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली आणि सामान विकले गेले. डब्ल्यू. जे. टेलर या लंडनच्या साचेकाराने जुने साचे मिळवले आणि पुढची अनेक वर्षे तो त्यांवरून संग्राहकांसाठी नाणी ठोकत राहिला. साचे अस्सल, हात निराळा, काळ पन्नास वर्षांनी पुढचा. या नाण्यांना खोटे म्हणावे तर साचा खरा. खरे म्हणावे तर बोल्टन मरून चार दशके लोटलेली. ओळखायचे कसे? गंजावरून. पडून राहिलेल्या साच्यांवर गंजाचे खड्डे पडले होते. ते नाण्यावर सुईच्या टोकाएवढ्या उंचवट्यांच्या रूपाने उमटतात. भिंगातून ते बारीक पुरळ दिसले, की नाणे टेलरचे.

दुसरे समुद्राचे. जानेवारी १८०९ मध्ये ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज मद्रासला निघाले होते. त्यात मद्रास इलाख्यासाठी सोहोत पाडलेली १८०८ सालची १० आणि २० काशाची तांब्याची नाणी होती. इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर वादळात ते बुडाले. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यातून सुमारे दहा लाख नाणी वर काढली. आज ती स्वस्तात मिळतात, तीही अनेकदा समुद्रात जाण्याआधीच्या ताज्या रूपात. ज्या बाजारासाठी ती पाडली होती, तिथे ती कधी पोहोचलीच नाहीत. मद्रासच्या मंडईत खरोखर फिरलेले त्याच सालचे झिजलेले नाणे हे त्यामानाने निराळेच साधन आहे.

आणि आता एक वर्तमानातली गोष्ट, कारण ती अनेकांच्या फोनवर येऊन पडलेली असते. राम, सीता, लक्ष्मण, हनुमान यांची चित्रे असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ किंवा ‘१६१६’, ‘१७१७’ असे लिहिलेले तांब्याचे नाणे लाखो रुपयांचे आहे, असा तो संदेश असतो. १८१८ हे साल मराठी मनाला चटकन भिडते, हे विकणाऱ्यांना ठाऊक असावे. असे नाणे कंपनीने कधी पाडले नाही. १६१६ मध्ये तर कंपनी सुरतेला वखारीत माल उतरवत होती. आणे पाडणे फार दूर. मद्रासकडच्या कंपनीच्या होनांवर विष्णूची मूर्ती असे हे खरे, पण ते होन सोन्याचे आणि त्यांची घडण पूर्ण वेगळी. भाविकांसाठी देवस्थानांच्या परिसरात विकले जाणारे रामटंके ही आपल्याकडची खरी परंपरा आहे. श्रद्धेच्या वस्तू म्हणून त्यांना त्यांचे स्थान आहे. त्यांच्यासारख्या तुकड्यावर कंपनीचे नाव आणि सोयीचे साल घातले, की फसवणूक सुरू होते. ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून याच तुकड्यांच्या नादी लागून माणसांनी घरदार घालवल्याच्या बातम्या येत असतात. लुटल्या जाणाऱ्यांत पुन्हा बोल्टनच्या पत्रातल्यासारखीच माणसे जास्त: ज्यांना मोड हवी असते आणि हाती खोटे नाणे पडते.

अशा विक्रेत्याच्या परातीत कधीकधी एक काळपट तांब्याचा पैसाही पडलेला असतो, ज्याकडे तो स्वतः दुर्लक्ष करतो. १७९१ किंवा १७९४ हे साल, कंपनीची खूण, उलट बाजूला तराजू. हाच सोहोचा पैसा. बर्मिंगहॅमजवळ वाफेवर ठोकलेला, जहाजाने मुंबईला आलेला, कोळिणीच्या ओच्यातून सराफाच्या गल्ल्यात आणि तिथून हमालाच्या हातात फिरलेला. लाखाच्या नाण्याच्या तुलनेत त्याची किंमत अगदीच किरकोळ सांगितली जाते. पारडी बहुधा झिजून पुसट झालेली असतात. पैसा उजेडात थोडा कलता धरला, तर ‘अदल’ अजून वाचता येते.